दार कोणाचे तुटते?

‘सी.आय.डी.’ ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि दीड हजारांहून अधिक भाग होऊन ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ती परतली. मधल्या सहा वर्षांतही जुने भाग बघणाऱ्यांची कमी नव्हती. तुर्भे, रबाळ्याच्या वस्त्यांमधल्या आमच्या गटांतल्या बायका एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजीत यांच्याविषयी माहेरच्या माणसांसारखे बोलतात. डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेतले झटपट निष्कर्ष पाहून हसतात, आणि तरी बघतात. कार्यकर्त्यांनी या आवडीला नाके मुरडू नयेत, असे मला वाटते.

या पोलिसांची विनवणी करावी लागत नाही. मेलेली बाई रात्री घराबाहेर का होती, यावर त्यांचा तपास अडत नाही. सगळे पथक एका मृत्यूच्या मागे लागते आणि गुन्हेगार सापडतोच. तक्रार घेऊन ठाण्याच्या बाकावर दुपारभर बसलेली आणि ‘घरातलं घरात मिटवा’ हे ऐकून परतलेली बाई हे पाहते, तेव्हा ती नुसती करमणूक बघत नसते. आपले कोणीतरी ऐकून घ्यावे, ही तिची साधी अपेक्षा तिथे पुरी होते. शिवाजी साटम आणि बी. पी. सिंग यांनी त्याआधी दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती. फोन केला की मदत येते, हा विश्वास त्या नावातच होता.

पण मैत्रिणींनो, ही तत्परता बाईच्या वाट्याला बहुधा ती मेल्यावरच येते. दयाने लाथ मारून उघडलेल्या दारामागे अनेकदा प्रेतच असते. आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या दारामागे ती जिवंत असते, मार खात असते, आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. नवऱ्याच्या व सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला. तरी घराचा उंबरठा ओलांडताना पोलिसांचा पाय जड होतोच.

दुसरी गोष्ट थपडेची. दयाचा हात उठला की आरोपी कबूल होतो आणि आपल्या बायाही टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही, आणि त्याला कारण आहे. १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, त्यावर १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्याच्या बंद दाराआड उठलेला हात उद्या कोणावर पडेल, हे आपली चळवळ विसरू शकत नाही.

आपल्याला हवे असलेले पोलीस निराळे आहेत. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसू लागली. तिथे कोणी दार तोडत नाही. बाईचे ऐकून घेतात, नोंद करतात, पुन्हा पुन्हा पाठपुरावा करतात. यावर मालिका निघणार नाही, पण बाई मरण्याआधी उपयोगी पडते ते हेच काम.

म्हणून एक सुचवते. गटाच्या बैठकीत एक भाग सगळ्यांनी मिळून बघा आणि मग विचारा: हीच बाई काल जिवंत असताना ठाण्यात गेली असती, तर काय झाले असते? त्या चर्चेतच सांगा, की मदतीचा क्रमांक आता ११२ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कोणत्याही ठाण्याने घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते. मालिकेतल्या पोलिसांचे सगळे बारकावे पाठ असणाऱ्या बायकांना हे पाठ व्हायला वेळ लागणार नाही.