स्टेंट कुठला ते कळलं, बसला कसा?

पेशंट कॅथलॅबमध्ये गेला की बाहेर नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न : स्टेंट इंपोर्टेड ना? मी आत टेक्निशियन आहे. २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हा भावाची चर्चा थोडी निवळली. कंपनीचं वेड मात्र तसंच आहे.

अँजिओग्राफीत दिसते ती डायने भरलेल्या पोकळीची सावली. भिंतीत काय दडलंय ते कळत नाही. ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने रक्तवाहिनीचं आतून चित्र घेणाऱ्या तपासणीत, बारीक कॅथेटर आत सरकवतात. प्रकाश रक्तातून पार होत नाही, म्हणून डाय सोडून रक्त क्षणभर बाजूला सारायचं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत आतली फायबर गरगर फिरत मागे येते आणि पाच-सात सेंटिमीटर नळी आतून दिसते, १०-२० मायक्रॉनपर्यंत बारकाव्याने.

परवा एक्स-रेवर स्टेंट झकास दिसत होता. ओसीटीच्या पडद्यावर मात्र एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने चपटा. मागे कॅल्शियमचा थर, अर्ध्याहून जास्त घेराचा. मग जाड बलून, २० अ‍ॅटमॉस्फियर, तरी हवा तेवढा उघडला नाहीच. हे कॅल्शियम स्टेंटआधी दिसलं असतं तर आधी फोडता आलं असतं. नंतर कळणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सरसकट सगळ्यांना ओसीटी करा, असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या ‘इल्युमियन-४’ अभ्यासात ओसीटीमुळे स्टेंट जास्त उघडले, पण स्टेंट बसवलेल्या रक्तवाहिनीच्या एकूण तक्रारींत दोन वर्षांत ठोस फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या ‘ऑक्टोबर’ अभ्यासात, फाट्यावरच्या ब्लॉकेजमध्ये, मोठ्या तक्रारी १४.१ वरून १०.१ टक्क्यांवर आल्या. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही गुंतागुंतीच्या केसमध्ये आतून बघाच म्हणतात. किडनी अधू असेल तर आयव्हीयूएस, म्हणजे आतली सोनोग्राफी. चित्र ढोबळ, पण त्यासाठी जास्तीची डाय लागत नाही.

अडतं ते पैशाशी. कॅथेटर एकदाच वापरायचं, महाग, आणि पॅकेजमध्ये बसत नाही. मग जाहिरातीत मशीन आणि लॅबमध्ये मशीनवर कव्हर, असा प्रकार मी पाहिलाय. फाटा, लांब ब्लॉकेज, भरपूर कॅल्शियम, एवढ्यांपुरता तरी हा खर्च पॅकेजमध्येच धरायला हवा. आणि डिस्चार्जला मिळणाऱ्या सीडीत अँजिओग्राफीसोबत हे आतलं चित्रही द्यावं, शेवटी स्टेंट किती चौरस मिलिमीटर उघडला त्या आकड्यासकट. सहा महिन्यांनी छातीत पुन्हा दुखलं, तर दुसऱ्या डॉक्टरला तोच आकडा आधी लागतो.