मैदान गोठलें, पैज गोठेना !

विलायतेंत हिंवाळा आला कीं घोड्यांच्या शर्यतींच्या जगांत एक जुना वाद पुन्हां डोकें वर काढतो. अमक्या ट्रेनरचे घोडे थंडींत हटकून जिंकतात, तमक्याचा तबेला जानेवारींत मंदावतो, असे आंकडे छापून विकले जातात व ते पाहून पैजा लागतात. आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, लंडनच्या थंडीशीं आमच्या पेढीचा संबंध काय ? संबंध आहे, आणि तो ओघानें पुढें येईल. तूर्त या आंकड्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करून त्यांची उलटतपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एवढें मान्य केलें पाहिजे कीं, ही समजूत अगदींच निराधार नाहीं. मात्र तिचें कारण लोक समजतात तें नव्हे. घोडा हें थंडीला भिणारें जनावर नाहीं. पोटभर वैरण आणि अंगावर झूल असली म्हणजे कडाक्याची थंडी तो सहज सोसतो. त्याचा खरा शत्रु म्हणजे गोठलेली जमीन. इंग्लंडांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या शर्यतींचा मुख्य हंगाम ऐन हिंवाळ्यांत असतो. रात्रीं पारा गोठणबिंदूखालीं उतरला कीं हिरवळीखालची माती दगडासारखी होते, खुरास पकड मिळत नाहीं, आणि उडीनंतरचा सारा भार घोड्याच्या पायांवर आदळतो. म्हणून मैदानाचे अधिकारी जमिनीवर आच्छादनें पसरतात, पहांटे तपासणी करतात, आणि जमीन सुटली नसेल तर त्या दिवसाच्या शर्यती रद्द करतात.

पण जें हिंव शर्यतीच्या मैदानावर पडतें तेंच ट्रेनरच्या सरावाच्या कुरणावरहि पडतें. आठ-दहा दिवस घोड्याला भरधांव दौड मिळाली नाहीं म्हणजे त्याचा दम तुटतो, व पुढें मैदान उघडलें तरी तो शेवटच्या फर्लांगांत मागें पडतो. ज्याच्याजवळ वाळूची किंवा लांकडाच्या चिपांची पट्टी आहे, अथवा ज्याचा तबेला समुद्रकांठीं आहे, त्याचें काम मात्र चालू राहतें. म्हणजे थंडी सर्वांना सारखी लागत नाहीं. जिची तिची सोय पाहून लागते.

याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९४७ चें. त्या वर्षीं हिंवानें इंग्लंड इतकें गोठलें कीं, जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत शर्यती जवळजवळ बंदच होत्या. चेल्टनहॅमचा गोल्ड कप पुढें ढकलून १२ एप्रिलला घ्यावा लागला. मार्चअखेर ग्रँड नॅशनल झाली, ती कॉहू नांवाच्या आयरिश घोड्यानें जिंकली. भाव एकास शंभर ! हा घोडा डब्लिनजवळच्या सटनच्या वाळवंटावर, समुद्राच्या कांठीं तयार झाला होता. इतरांचे घोडे तबेल्यांत अडकले असतां हा वाळूवर दौडत होता, म्हणून तो जिंकला, असें तेव्हांपासून सांगण्यांत येतें.

युक्तिवाद मोहक आहे, पण वकिलानें येथें थांबावयाचें नसतें. त्या दिवशीं ५७ घोडे धांवले होते आणि मैदानावर धुकें दाटलें होतें. शिवाय पुढच्याच वर्षीं, १९४८ सालीं, ग्रँड नॅशनल शीलाज् कॉटेजनें एकास पन्नास भावानें जिंकली, व १९४९ सालीं रशियन हीरोनें एकास सहासष्टनें. या दोन्ही हिंवाळ्यांत १९४७ सारखें कांहींएक घडलें नव्हतें. तेव्हां कॉहूस वाळूचा फायदा झाला असेल, झाला असण्याचा संभवहि बराच आहे. परंतु अनपेक्षित घोडा जिंकला एवढ्यावरून थंडीवर गुन्हा शाबीत होत नाहीं.

आतां विकल्या जाणाऱ्या आंकड्यांकडे वळूं. 'गेल्या चौदा दिवसांत या ट्रेनरचे बारा घोडे धांवले, एकहि जिंकला नाहीं', असें वाचलें कीं गिऱ्हाईक म्हणतें, थंडीनें याचा तबेला बिघडला. बरें, हिशेब करून पाहूं. ज्या ट्रेनरचा सहांतून एक घोडा जिंकतो तो चांगलाच ट्रेनर समजावा. अशाचेहि लागोपाठ बारा घोडे हरण्याचा संभव, थंडी नाहीं, रोग नाहीं, कांहीं नाहीं, केवळ योगायोगानें, सुमारें नवांत एक इतका असतो. असे नव्वद ट्रेनर घेतले तर कोणत्याहि पंधरवड्यांत त्यांतले दहा 'बिघडलेले' सांपडायचेच ! त्यांत हिंवामुळें निम्मे दिवस मैदान बंद असलें म्हणजे बाराचे सहा होतात, आणि सहांवर बांधलेला शेंकडा म्हणजे वाळूवर बांधलेली माडी. जी थंडी ट्रेनरच्या कामावर खरा परिणाम करते, तीच त्या परिणामाचा पुरावाहि पुसून टाकते, ही यांतली मौज आहे.

खरी माहिती कोणाजवळ असते ? कोणत्या घोड्यानें हिंवांत काम केलें आणि कोणता दाराशीं उभा राहिला, हें ट्रेनरला, त्याच्या मोतद्दारांना आणि त्यांच्याशीं संधान असलेल्यांना ठाऊक असतें. बुकीला तें लवकर कळतें. रस्त्यावरच्या कारकुनाला कळतो तो उरलासुरला शेंकडा. आणि बुकीचें भांडवल थंडीनें आटत नाहीं. व्यापाऱ्यांस हा हिशेब सांगावयास नको: आठ घोडे, प्रत्येकास एकास सहा भाव, प्रत्येकावर शंभर रुपये. जमा आठशें, जिंकणाऱ्यास मुदलासह देणें सातशें. घोडा कोणताहि येवो, शंभर गल्ल्यांत राहिले. शिवाय महिनाभर आधीं लावलेल्या पैजेंत घोडा हिंवामुळें तयार झाला नाहीं आणि उतरलाच नाहीं, तर विलायतेच्या रूढ नियमाप्रमाणें लावणाऱ्याचे पैसे बुडाले. थंडी खऱ्या अर्थानें गिऱ्हाइकाच्या खिशांत हात घालते ती येथें.

पैजेला थंडी सोसवत नाहीं, हें विलायतेनें दोनदां दाखविलें. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत डिसेंबरअखेरपासून मार्चच्या आरंभापर्यंत शर्यतीच काय, फुटबॉलचे सामनेहि बुडाले. तेव्हां पूल्सच्या कंपन्यांनीं २६ जानेवारी १९६३ रोजीं लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ बसविलें. न झालेल्या सामन्यांत कोण जिंकलें असतें, हें मंडळानें ठरवावें आणि त्यावर पैसे वांटावे ! खेळ नसला तरी चालेल, निकाल हवा. पुढें १९८९ सालीं लिंगफील्ड व साउथवेल येथें कृत्रिम धांवपट्ट्या आल्या, त्यांचें एक मुख्य कारण हेंच कीं, १९६१ पासून कायदेशीर झालेल्या पैजांच्या दुकानांना हिंवाळ्यांत रोज कांहींतरी पुरवावयास हवें होतें.

आतां आमच्याकडे या. महालक्ष्मीचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे हिंवाळ्याचाच. फक्त आमचा हिंवाळा मैदान गोठवीत नाहीं. हवामानावर पैज लावण्याचा नाद मात्र आम्हांस विलायतेकडून शिकावा लागला नाहीं. मुंबईंत पावसावर चालणारा सट्टा इतका माजला होता कीं, १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यांत १८९० सालीं दुरुस्ती करून त्यास आंत ओढावें लागलें. घोड्यांच्या शर्यतीस कायद्यानें निराळें आसन दिलें आहे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लक्ष्मणन् प्रकरणांत ती कौशल्याची बाब ठरविली. तो निर्णय आम्हांस शिरसावंद्य आहे. पण कौशल्य म्हणजे माहितीचा उपयोग, आणि वर दाखविल्याप्रमाणें माहिती तबेल्याच्या भिंतीआड राहते. जातां जातां एक गैरसमज दूर करूं. कराराच्या कायद्याच्या ३० व्या कलमांत शर्यतींचा अपवाद आहे असें पुष्कळजण सांगतात. तो अपवाद पांचशें रुपयांच्या वा अधिक किंमतीच्या बक्षिसाच्या वर्गणीपुरता आहे. पैज जिंकून पैसे न मिळाल्यास दिवाणी कोर्टांत दाद मागूं पाहणाऱ्यानें तें कलम मुळांतून वाचावें.

आमची मागणी लहान आहे. जो कोणी ट्रेनरच्या यशाचा शेंकडा छापून विकील, त्यानें किती घोडे धांवले, किती दिवसांत धांवले आणि त्यांपैकीं किती दिवस मैदान बंद होतें, हें त्याच ओळींत, त्याच अक्षरांत छापावें. यासाठीं नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या आवारांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टिपपुस्तकावर ही अट घालण्यास क्लबांना कोणाची परवानगी लागत नाहीं. महालक्ष्मीच्या येत्या हंगामाच्या पहिल्याच दिवसापासून ती घालावी.