तंबोरा कुठे गेला?

भजनी मंडळाचा अभंग, शाळेचे समूहगीत, आजींच्या ओव्या असे सारे काही आता घरच्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित होते. त्याबरोबर तक्रारीही ठरलेल्या येतात. आवाज उशिरा येतो, घरघर ऐकू येते, पट्टी बदलते, नाहीतर आवाज फाटतो. या दोषांचे मी दोन गट करतो : नंतर निस्तरता येणारे आणि कधीच न येणारे.

पहिला गट सोपा. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून येत असेल तर सॉफ्टवेअरमधील 'बफर' पाहावा. संगणक आवाजाचे नमुने थोडे थोडे साठवून पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात आणि जाता-येता ते दुप्पट होतात. तेवढ्याने तबलजीचा ठेका डळमळतो. बफर १२८ वर आणावा. टकटक ऐकू आली तर २५६ ठेवावा.

पट्टी बदलणे हा नमुन्यांच्या गणतीतला गोंधळ. ४४,१०० ने घेतलेले गाणे ४८,००० ने वाजले, तर काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी, घाईघाईने गाताना ऐकू येतो! दोन्हीकडे एकच आकडा ठेवला की झाले. घरघर बहुधा विजेची, ५० हर्ट्झची असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर थांबली, तर दोष अर्थिंगकडे शोधावा.

आता दुसरा गट. खानापूर भागातील एका वाचक भगिनीने सासऱ्यांचे पाच अभंग इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर ध्वनिमुद्रित केले. ऐकताना पहिले काही क्षण तंबोरा होता, मग नाहीसा झाला आणि अभंगातले लांबवलेले स्वरही मध्येच विरू लागले. त्यांनी मला विचारले, "भाऊ, तंबोरा कुठे गेला?" तो संगणकानेच काढून टाकला होता. 'नॉइज सप्रेशन' ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असे तिचे गणित. तंबोऱ्याचा धर्मच एकसारखे वाजण्याचा! माइकच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद केली. पण गेलेला तंबोरा परत येईना. सासऱ्यांना दम लागत असल्याने पाचांपैकी दोनच अभंग पुन्हा म्हणवले.

आवाज फाटण्याचेही तसेच. डिजिटल मोजणीत शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा. आवाज त्यापुढे गेला की लाटेचा माथा छाटला जातो आणि छाटलेला भाग फाइलमध्ये उरतच नाही. भजन हळू सुरू होते आणि गजराला टाळ-मृदंग उसळतात. म्हणून पातळी गजरावर ठरवावी, पहिल्या ओळीवर नव्हे. सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. मुद्रण हळू वाटले, तर मागाहून वाढवता येते.

घरातील वडीलधाऱ्यांना गायला बसवण्याआधी आपणच अर्धा मिनिट मोठ्याने गाऊन, तंबोरा लावून, हेडफोनवर ऐकून पाहावे. त्यांच्या गळ्यात बळ असते ते पहिल्या दोन-तीन अभंगांपुरते. ते आपल्या तपासणीत खर्ची पडू नये.