रणगाडा वळवायला चौघे

वर्धेकरांना मे महिन्यातला ४५ अंशांचा पारा नवा नाही. पण १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर पहिल्यांदा उतरलेल्या ब्रिटिश ‘मार्क १’ रणगाड्याच्या पोटात तो पन्नाशी गाठायचा. १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन आठ जणांच्या मधोमधच धडधडत असे!

वळणे म्हणजे चौघांची कसरत. आवाजात बोलणे ऐकूच येत नसे, म्हणून चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकून हाताने खूण करायचा. मागचे दोघे गिअरवाले एका बाजूचा पट्टा सोडवायचे, शेजारचा कमांडर ब्रेक ओढायचा. १९१८च्या ‘मार्क ५’मध्ये हे काम एकट्याच्या हाती आले.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सहली जातात, तोफेपुढे फोटो निघतात. पुलगावच्या दारूगोळा भांडाराशेजारी वाढणाऱ्या मुलांना तरी शिक्षकांनी गिअरवाल्यांची ही गोष्ट आधी सांगावी.