पत्ता चुकलेला राग

चंद्रपूरच्या बसस्थानकावर रात्री उशिरा उतरणाऱ्या कार्यकर्त्याला हॉटेलातील अन्नाची जी पारख असते, ती एखाद्या खवय्यालाही नसेल. गडचिरोलीकडची सभा लांबलेली असते, ज्या घरी जेवण ठरले होते ते घर मागे राहिलेले असते, आणि समोर एकच भोजनालय उघडे असते. टेबलावर मागच्या गिऱ्हाइकाच्या वरणाचे ओघळ असतात. आंबूस वासाचे ओले फडके त्यांवरून फिरते आणि ते पुसले न जाता पसरतात. पाण्याचे चार पेले चार बोटे आत बुडवून एकाच हाताने आणले जातात. भाजी काय आहे म्हणून विचारावे, तर एका दमात बारा नावे कानावर येतात, आणि त्यांतील जे मागावे ते नेमके संपलेले असते. पोळी येते ती भात संपल्यावर. बिलात न मागितलेला पापड असतो. मोबाइलवरून पैसे देण्याच्या या काळातही सुट्या नाण्यांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची प्रथा पुरती गेलेली नाही.

या कटकटी काही चंद्रपूरच्याच नव्हेत. जिथे अन्न विकले जाते तिथे त्या आहेत. या दोन जिल्ह्यांची खास म्हणावी अशी एक गोष्ट मात्र आहे. झाडीपट्टी हा भाताचा मुलूख. वैनगंगेच्या खोऱ्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या भातावर वाढला. त्याच मुलखातील हॉटेलात थाळी घ्यावी, तर भात वाटीच्या मापाने मिळतो आणि पुढच्या वाटीचे पैसे निराळे पडतात. आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वडा-भात हे पदार्थ फलकावर क्वचितच दिसतात. पनीर मात्र पाच नावांनी हजर असते. ज्या प्रदेशात अन्न पिकते त्याच प्रदेशाच्या चवीला तिथल्या हॉटेलात लाज वाटावी, हाही एक त्रासच आहे. पण त्याबद्दल कोणी आवाज चढवीत नाही.

आवाज चढतो तो फडक्यावरून, पेल्यावरून आणि उशिरा आलेल्या पोळीवरून. आणि तो चढतो कोणावर? गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी गिऱ्हाईक अदबीने बोलते, जाताना नमस्कारही करते. राग निघतो तो फडके मारणाऱ्या पोऱ्यावर. त्याला नाव नसते. 'ए' ही त्याची हाक असते. समतेवर दीड तास व्याख्यान देऊन आलेला वक्ताही पोळीला दहा मिनिटे लागली की त्याच हाकेने बोलावतो, हे कटू असले तरी पाहण्यात आहे.

वस्तुतः गिऱ्हाइकाच्या प्रत्येक तक्रारीची मुळे शोधीत गेले की ती मालकाच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोचतात. फडके घाण असते, कारण चार टेबलांना एकच फडके आणि ते धुण्यासाठी साबण व वेळ यांपैकी काहीच दिलेले नसते. पेल्यांत बोटे बुडतात, कारण तबक घेतलेले नसते आणि तीन माणसांचे काम एकावर असते. पोळी उशिरा येते, कारण तव्यापाशी एकच बाई उभी असते, तीही सकाळपासून. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या दिवसांत भट्टीशेजारी काय होत असेल, याची कल्पना पंख्याखाली बसून 'अजून किती वेळ?' म्हणणाऱ्याने करून पाहावी. अस्वच्छता आणि दिरंगाई यांना आळस म्हणणे सोयीचे आहे; ती कमी माणसांत, कमी मजुरीत धंदा उरकण्याची पद्धत आहे.

या माणसासाठी कायदा नाही असे नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, धाबा, चहाची टपरी येथे कामाला ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी सर्व व्यवसायांना लागू केली; परंतु शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली, आणि मग कपबशा विसळणारे मूल कोणाचे म्हणून विचारले की ते 'घरचेच' निघण्याची वाट मोकळी झाली. मोठ्या कामगारांची अवस्था याहून विचित्र आहे. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा लहान खाणावळीलाही लागू होता. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून सोडून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्याचा आणि दिवसाचे कामाचे तास नवांवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. व्यवसायसुलभता हे त्याचे नाव. मूल, सावली, आष्टी, आलापल्ली या रस्त्यांवर वीस माणसे कामाला असलेली हॉटेले किती सापडतील? ज्या टपरीवर आणि ज्या खाणावळीत या जिल्ह्यांतील माणूस प्रत्यक्ष जेवतो, तिथला कामगार कायद्याच्या अंगणाबाहेरच उभा आहे.

उलट गिऱ्हाइकासाठी, आणि तेही विशिष्ट गिऱ्हाइकासाठी, कायदा बराच जागा आहे. मोठ्या उपाहारगृहांनी बिलात परस्पर 'सेवा शुल्क' लावू नये असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढला. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. हे योग्यच झाले. सेवेच्या नावाने गोळा केलेला पैसा सेवा करणाऱ्याच्या हाती पडतो की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नव्हते. पाण्याच्या बाबतीत मात्र निकाल उलटा गेला. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम घेता येते, असे डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तिथे नुसते पाणी नव्हे, तर बसण्याची जागा आणि सेवाही विकली जाते, हा त्यामागील विचार. कायद्याच्या दृष्टीने तो बिनचूक असेल. ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा प्रवेशद्वारांभोवती पर्यटकांसाठी जी विश्रामगृहे उभी राहिली आहेत, तिथे या भेदाने कोणाचे काही अडत नाही. परंतु चंद्रपूरच्या उन्हाळ्यात साध्या खाणावळीतील माठ दिसेनासा होतो आणि त्या जागी बाटल्यांचे फ्रीज येते, तेव्हा तहानलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगणे अवघड जाते.

तक्रार करता येणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे. ज्याच्यापाशी ती नाही, त्याच्या वाट्याला येतो तो त्रास नव्हे, अपमान. गडचिरोलीच्या दक्षिण भागात आठवडी बाजाराच्या दिवशी हे पाहावे. चारोळी किंवा डिंक विकून आलेला माडिया माणूस हॉटेलापाशी येतो. त्याला दारात कोणी अडवीत नाही. आत या असेही कोणी म्हणत नाही. काय पाहिजे ते मराठीत, हिंदीत, सिरोंच्याकडे तेलुगूतही विचारले जाते. माडियात विचारणारा विरळाच. पँट-शर्टातील गिऱ्हाईक खाऊन मग पैसे देते. याच्यापुढे मात्र आधी पैशासाठी हात केला जातो. कागदावरची भजी घेऊन तो बाहेर उकिडवा बसतो, आणि आतल्या बाकावर दोन जागा रिकाम्या राहतात. भजी थंड होती, अशी तक्रार त्याने कोणापाशी आणि कोणत्या भाषेत करावी?

दलितांच्या बाबतीत संविधानाने हा प्रश्न नाव घेऊन सोडवला होता. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख यावा याचे नवल वाटणाऱ्याने वेगळ्या कपबशीचा इतिहास आठवावा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने प्रवेशापाशी न थांबता हॉटेलातील भांडी वापरण्याचा हक्कही नोंदवला. १९७६ मध्ये दुरुस्तीने हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि येथील हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. त्या पिढीतील किती जणांनी चहा निराळ्या कपातून घेतला असेल आणि तो स्वतःच विसळून उपडा ठेवला असेल! त्यांच्या संघर्षाने चंद्रपूर-बल्लारपूरच्या हॉटेलातील ती कपबशी मोडली. आदिवासीच्या वाट्याला आलेली उपेक्षा अस्पृश्यतेच्या व्याख्येत नेमकी बसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध गुन्हा नोंदवता येईलच असे नाही. रिकाम्या बाकावर बसायला कोणी सांगितले नाही, हा गुन्हा कोणत्या कलमाखाली घालणार?

आणि स्त्रिया? जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा घेऊन आलेल्या अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या दुपारी डबा उघडतात तो झाडाखाली. मोर्च्यातील पुरुष तेवढ्या वेळात समोरच्या हॉटेलात चहा-आलूबोंडा घेऊन येतात. हॉटेलात बाईसाठी जागा म्हणजे मळकट पडद्यामागची 'फॅमिली रूम'. कुटुंबाशिवाय आलेली बाई तिच्या हिशेबात नाही. २०१५ पासून असलेली चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी २०२१ मध्ये उठल्यावर कित्येक ठिकाणी जेवण आणि बार पुन्हा एकाच छपराखाली आले, तेव्हा तो पडदाही तिला पुरेसा राहिला नाही. शिवाय स्वच्छतागृहाचा प्रश्न आहेच. त्याच्या अभावी दिवसभर पाणी न पिण्याची सवय लावून घेतलेल्या कार्यकर्त्या प्रत्येक संघटनेत आहेत.

चांगले हॉटेल म्हणजे महाग हॉटेल, हे समीकरण अटळ नाही. १९५७ साली बंगलोर आणि दिल्ली येथील कॉफी हाउसच्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. कॉफी मंडळाने बंद करायला घेतलेली कॉफी हाउसे कामगारच चालवू लागले, आणि या चळवळीमागे ए. के. गोपालन उभे होते. तिथे बिल आणणारा माणूस संस्थेचा भागधारक असतो, आणि त्याला 'ए' म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, तीही कष्टकऱ्याला परवडेल आणि पोटभर मिळेल या हिशेबाने. २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, एवढा साधा मामला. पण रांगेत उभ्या असलेल्या कोणालाच आधी त्याची ऐपत दाखवावी लागत नव्हती. पुढे केंद्रचालकांची देयके थकल्याच्या तक्रारी आल्या. अनुदान थकले की थाळीतील वरण आधी पातळ होते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. भाताच्या या मुलखात बचतगटांच्या बायकांनी बसस्थानकाजवळ सहकारी खाणावळ चालवावी, तिला नगरपरिषदेने गाळा द्यावा, ही मागणी एखाद्या निवेदनात घालण्याइतकी तरी व्यवहार्य आहे.

गिऱ्हाइकाने तक्रार गिळावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शिळे अन्न परत केलेच पाहिजे, बिल तपासलेच पाहिजे, माठातील पाणी मागितलेच पाहिजे. मात्र तक्रार गल्ल्यापाशी जाऊन करावी आणि तिच्यासोबत दुसरा प्रश्नही विचारावा: इथे माणसे किती, सुट्टी कोणत्या वारी, आणि हा मुलगा झोपतो कुठे? अनेकदा तो टेबले जोडून तिथेच झोपतो, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीच्या गिऱ्हाइकासाठी चारला उठतो.

या प्रश्नांची सुरुवात पक्षाच्या स्वतःच्या पंगतीपासून करावी लागेल. जिल्हा शिबिराच्या जेवणाचे कंत्राट देताना दर थाळीमागे रुपया-दोन रुपयांची घासाघीस होते आणि कोषाध्यक्षाचे कौतुकही होते. ते दोन रुपये कंत्राटदाराच्या खिशातून जात नाहीत. एक वाढपी कमी होतो. दुपारच्या सत्रात असंघटित कामगारांवर ठराव मंजूर होतो, आणि तो मंजूर करणारे प्रतिनिधी रात्री अकराला निजायला जातात, तेव्हा मांडवामागे वाढपी पातेल्याच्या तळाशी उरलेला भात जेवत असतात. पुढच्या शिबिराच्या करारात वाढप्यांची संख्या, त्यांचा रोज आणि त्यांच्या जेवणाची वेळ या तीन बाबी लिहून घ्याव्यात. थाळी दोन रुपयांनी महागली, तर वर्गणी तेवढी वाढवावी.