मीटर बदलण्याआधी व्होल्ट मोजा

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुकानाचं शटर वर करायच्या आधीच तात्या दारात उभे होते. कराडजवळच्या गावातून रोज पहाटे गाडीला दुधाचे दोन कॅन लावून ते शहरात रतीब घालतात. हातात घडी घातलेला कागद. "मिस्त्री, मीटर गेलं. नवीन टाकायला साडेसात हजार सांगितल्यात. एवढे पैसे दुधातनं कधी सुटायचे?"

गाडी चार वर्षांची. चावी फिरवली की डिस्प्ले नीट उजळायचा. सेल्फचं बटण दाबलं की पार काळा पडायचा. इंजिन चालू झालं की परत यायचा, पण घड्याळ एकवर आलेलं आणि ट्रिपचे आकडे शून्य. खड्ड्यात गाडी आदळली तरी मधेच विझायचा.

मी सीट काढली, मल्टिमीटर घेतला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग तात्यांना सेल्फ मारायला सांगितलं. मल्टिमीटरचे पिन थेट बॅटरीच्या खांबांना लावले होते, तिथे १०.६ दिसले. ते ठीक आहे, सेल्फ मारताना बॅटरी एवढी खाली येतेच. पण डिस्प्लेच्या कपलरवर मोजलं तर फक्त ७.८. मधले पावणेतीन व्होल्ट गेले कुठे? निगेटिव्ह टर्मिनलवर. बोल्ट बोटाने फिरत होता आणि त्याखाली पांढरट-हिरवी बुरशी धरली होती. टर्मिनल सोडवलं, पॉलिश पेपरने चकचकीत केलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. सेल्फ मारला. डिस्प्ले जागचा हलला नाही.

मी गेली सत्तावीस वर्षं कराडात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि आज जाहीरपणे सांगतो: ‘मीटर गेलं’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं मीटर गेलेलं नसतं. बॅटरी, तिची जोडणी किंवा तिचं चार्जिंग बिघडलेलं असतं. हे न तपासता हजारोंचा डिस्प्ले बदलायला लावणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे. आणि ज्या बेफिकिरीतून हा अन्याय होतो, त्याच बेफिकिरीतून चार्जिंगचे अपघातही होतात.

मी काम शिकलो तेव्हा स्पीडोमीटरला चाकापासून केबल यायची. केबल तुटली की काटा पडायचा, नवी केबल टाकली की उठायचा. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. ती मेली तरी किक मारून माणूस घरी जायचा. बॅटरी काढून ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पुढे २००६-०७च्या सुमाराला चाकणची पल्सर डिजिटल मीटर घेऊन आली. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटताच राहील असा नियम झाला. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि कित्येक मॉडेलांची किकच गेली. आज त्याच छोट्या बॅटरीवर पेट्रोलचा पंप, ईसीयू, सेन्सर, डिस्प्ले आणि असेल तर एबीएस एवढं सगळं चालतं. गाडी बदलली, पण बॅटरीकडे बघायची आपली नजर केबलच्या काळातलीच राहिली.

डिस्प्लेच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो. त्याला मिळणारा दाब एका मर्यादेखाली गेला की तो बंद पडतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून घड्याळ मागे जातं, काटा पुन्हा एक फेरी मारतो, नसलेल्या बिघाडाचा दिवा लागतो. हा डिस्प्लेचा दोष नाही. बॅटरीकडे बघा, एवढंच तो सांगत असतो. उलट बाजूही आहे. इंजिन जरा रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे आमच्या भाषेत आरआर युनिट, गेलेलं आहे. मग बॅटरी उकळते, बल्ब उडतात, आणि एक दिवस डिस्प्ले खरोखरच जळतो. त्या दिवशी नुसता नवा डिस्प्ले बसवून दिला तर तोही जळणार.

आता चार्जिंगकडे येतो. माझं खरं दुखणं तिथे आहे.

आपल्याकडे बॅटरी चार्जिंगच्या दुकानात ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रकच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असतात. त्या ओळीत मोटारसायकलची चार-पाच अँपिअर-अवरची बॅटरी घुसवतात आणि सांगतात, "अर्ध्या तासात घेऊन जा." शिसं आणि आम्लाच्या बॅटरीचा साधा हिशोब आहे: क्षमतेच्या एक दशांश करंट. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, आणि त्याला आठ-दहा तास लागतात. तिथे ट्रकचा दहा अँपिअरचा करंट सोडला तर प्लेटा तापतात, वाकतात, पाणी उडून जातं. दुकानातून निघताना बॅटरी तेरा व्होल्ट दाखवते, कारण चार्ज नुसता वरवरचा असतो. रात्रभर ठेवली की सकाळी बारावर येते. सेल्फ मारला की डिस्प्ले काळा. मग गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी तर कालच चार्ज केली, म्हणजे मीटरच गेलं." चूक चार्जिंगची असते आणि खापर मीटरवर फुटतं.

त्याहून वाईट म्हणजे बॅटरी गाडीतच ठेवून जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरला जोडणं. त्या चार्जरला दाब आवरता येत नाही. बॅटरी भरत आली की तो सोळा-सतरा व्होल्टवर जातो, आणि चावी चालू राहिली असेल तर तोच दाब ईसीयू आणि डिस्प्लेत शिरतो. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचा एक मुलगा अशी गाडी ढकलत घेऊन आला. डिस्प्लेवर आडव्या रेघा, किलोमीटरचा आकडा गायब. ते मीटर मला वाचवता आलं नाही. वडिलांना फोन करताना त्या पोराचा आवाज कापत होता. उसाचं बिल अजून आलेलं नव्हतं.

पैशाचं नुकसान भरून निघतं. जिवाचं नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा चिमटा चार्जर बंद न करता ओढला. एक ठिणगी उडाली आणि बॅटरीचं झाकण फुटून वर आलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो, आणि बंद खोलीत तो छताखाली साठतो. आमच्या वस्तादांनी मला मानेला धरून नळाखाली घातलं आणि पाव तास धार सोडली. म्हणून डोळा वाचला. डाव्या भुवईवरचा आम्लाचा डाग मात्र राहिला. दुकानात नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला तो डाग दाखवतो, पाना नंतर देतो.

मग मी त्याला क्रम शिकवतो. तोच इथे देतो, कारण घरी चार्जर आणणारे आता बरेच आहेत. चावी बंद करा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चासीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर तिथेच शॉर्ट होतं. बसवताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. चार्जरचे चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंदच हवा. जागा मोकळ्या हवेची, जवळ गॅसची शेगडी नको, देवाचा दिवा नको, बिडी-सिगारेट नको. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नको. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटू नका. चार्जर मोटारसायकलच्या बॅटरीसाठी बनवलेला, भरल्यावर आपोआप थांबणारा घ्या. त्याची किंमत एका नव्या डिस्प्लेच्या मानाने किरकोळ आहे.

डिस्प्ले मारणाऱ्या आणखी तीन गोष्टी आमच्या भागात रोज घडतात. सेफ्टी गार्ड किंवा कॅरिअर गाडीवरच वेल्डिंग करून घेतात, बॅटरीची निगेटिव्ह न काढता. वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून वाट काढतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जातात. दुसरी गोष्ट, जादा एलईडी आणि मोठे हॉर्न मीटरच्याच वायरला पीळ मारून जोडतात. तिसरी दसऱ्याची. खंडेनवमीला वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात, प्रेशरच्या पाण्याची धार थेट मीटरवर मारली जाते, आणि दसऱ्यानंतर आठवडाभर माझ्याकडे मीटरमध्ये वाफ धरलेल्या गाड्या येतात. पूजेसाठी गाडी धुवा, पण मीटर ओल्या फडक्याने पुसा.

विजेवरच्या स्कूटर आल्या तसा धोका वाढला. त्यांच्यातली लिथियमची बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते, एका सेलची आग दुसऱ्या सेलला लागते आणि ती विझवणं फार कठीण असतं. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीच्या धुराने वरच्या लॉजमधल्या आठ जणांचा जीव घेतला. त्याच वर्षी केंद्राने बॅटरीचे सुरक्षा निकष, एआयएस-१५६, कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पण नियम कारखान्यापर्यंतच पोचतो. घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला, दुसऱ्याच स्कूटरच्या चार्जरला आणि झोपायच्या खोलीत उशाशी ठेवलेल्या बॅटरीला तो अडवू शकत नाही. कंपनीचाच चार्जर, अर्थिंग असलेला पक्का सॉकेट, घरातली माणसं जागी असतानाचं चार्जिंग, आणि बॅटरी फुगली किंवा वास आला तर ती तिथून लगेच बाहेर, हे आपलं आपणच पाळायचं आहे.

सर्व्हिस सेंटरवाले मला म्हणतात, दिवसाला चाळीस गाड्या असतात, प्रत्येकीची वायर कोण तपासत बसणार? भाग बदलला की वॉरंटी तरी देता येते. त्यांची घाई मला कळते. पण व्होल्ट मोजायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टर ताप न बघता ऑपरेशन सांगत नाही, मग आपण व्होल्ट न बघता मीटर कसं बदलायला सांगतो?

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. प्रत्येक जॉबकार्डवर बॅटरीचे तीन आकडे लिहिणं सक्तीचं करा: गाडी बंद असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन रेस केल्यावर. डिस्प्ले बदलायचा असेल तर हे आकडे आणि जुना डिस्प्ले दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दुसरं, कंपन्यांनी गाडीबरोबर मराठीत माहितीपुस्तिका द्यावी, तिच्यात वायरिंगचा नकाशा असावा. आमच्यासारखे रस्त्याकडेचे मिस्त्री आजही अंदाजाने वायरी शोधतात. शिकायची आमची तयारी आहे. तालुक्याच्या आयटीआयने संध्याकाळचे वर्ग घेतले तर मी पहिल्या बाकावर बसेन. तिसरं, चार्जिंगच्या दुकानांत छोट्या बॅटरीसाठी कमी करंटचा वेगळा चार्जर आणि खेळती हवा असल्याशिवाय नगरपालिकेने परवाना देऊ नये.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, मीटर गेलंय, नवीन टाकावं लागेल, तर पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: सेल्फ मारताना व्होल्ट किती होते? उत्तर मिळालं नाही तर गाडी तिथून काढा आणि मोजून बघणाऱ्याकडे न्या.

तात्यांच्या गाडीला आजही तेच जुनं मीटर आहे. त्या दिवशी त्यांचा खर्च झाला पन्नास रुपये.