हिशेब वाऱ्याचाही मांडावा

आपले वाडवडील काशीची गंगा घेऊन रामेश्वरास जात. आज जबलपूरच्या एखाद्या तरुणास त्याच बेटावर, पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापण्यासाठी, म्हणजेच काइटसर्फिंगसाठी, जावेसे वाटले तर त्यास अडवू नये. मात्र सहलीची तारीख सुटीपेक्षा वाऱ्याने ठरवावी. तेथे साधारणतः जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे वाहतात. आवर्ती ठेवीचा हप्ता ठरविताना प्रशिक्षकाचे शुल्क, वारा पडल्यास दोन दिवसांचा जादा मुक्काम आणि साहसी खेळांना लागू असणारा विमा आधी धरावा. काटकसर निवासात करावी, शिकवणीत नव्हे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गिळणारा तो समुद्र, नर्मदेत पोहता येते एवढ्यावर ओळखीचा होत नाही.